हिवाळ्यात झाकलेली गाडी

दुबईत ज्यांच्याकडे शौकाची गाडी असते, ते ती ऑक्टोबरात बाहेर काढतात आणि मे महिन्यात झाकून ठेवतात. उन्हाळ्यात डांबर इतकं तापतं की टायर मऊ पडतात, रबराच्या नळ्या तडकतात, आणि मालक तर बहुतेक गावाला गेलेला असतो. तिथला हा साधा रिवाज. आमचे काका बरोबर उलटं करायचे. हवा जरा गार झाली, लोक शेगड्या आणि चटया घेऊन वाळवंटात सहलीला निघाले, की काका आपली गाडी झाकून टाकायचे. जूनच्या अखेरीला शाळा बंद झाल्या आणि बायका-मुलं भारतात गेली, की ती बाहेर यायची.

काका म्हणजे माझे मालक. नात्याचे कोणी नव्हेत. अल क्वोजमध्ये त्यांचं गोडाऊन होतं. कोकम, पापड, लोणची, मसाले, भाजणी असा माल ते कोकणातून आणि पुण्याहून मागवायचे आणि अमिरातीतल्या दुकानांना पुरवायचे. मी नाशिकहून नुकताच आलो होतो, अजमानला एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो आणि त्यांच्याकडे सुपरवायझर म्हणून लागलो होतो. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणालो. ते म्हणाले, "सर शाळेत. इथे काका म्हण. तुला सोपं, मला परवडतं."

बुटके, गोल पोटाचे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट घालणारे काका गोडाऊनमध्ये शिरले की आधी भिंतीवरचं तापमान बघायचे आणि मगच माणसांकडे. माल उतरवायला दोन पठाण होते. त्यांच्याशी ते मराठीत बोलायचे. हिंदी त्यांना उत्तम येत होती, पण त्यांचं म्हणणं असं, की हळू बोललं तर कुठलीही भाषा कुणालाही कळते. "खान, ते आमसुलाचं खोकं सावकाश ठेव," असं ते एकेक शब्द सुटा करून म्हणायचे, आणि खान ते खरोखरच सावकाश ठेवायचा. पुढे पुढे तो गिऱ्हाइकांच्या ड्रायव्हरांनाही अरबीतला 'चला' जोडून "यल्ला, सावकाश" म्हणायला लागला.

उन्हाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उन्हाला लांबून नमस्कार करावा, त्याच्याशी गप्पा मारू नयेत." दुपारी बारा ते चार ते कुणालाही बाहेर पाठवायचे नाहीत. सरकारी नियम उन्हाळ्यापुरता होता, काकांचा बारा महिने. दुकानदार फोनवर आरडाओरडा करायचे. काका शांतपणे म्हणायचे, "हबीबी, पापड चारनंतरही गोलच असतात."

असा माणूस ऐन उन्हाळ्यात उघड्या रस्त्यावर निघत असेल, असं मला कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

गोडाऊनच्या मागच्या बाजूला मसाल्याची थंड खोली होती. तिच्या टोकाला, गोडा मसाल्याच्या खोक्यांच्या भिंतीआड, जुन्या चादरींनी झाकलेलं काहीतरी उभं होतं. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बिघडलेला फ्रीझर आहे. हात लावू नकोस." फ्रीझरला चाकं असतात हे मला मान्य होतं, पण इतकी रुंद नसतात. मी नवा होतो. हात लावला नाही.

त्या जूनमध्ये एका सकाळी ते विमानतळावरून परस्पर गोडाऊनमध्ये आले. काकू, मुलगी आणि मुलगा पुण्याला रवाना झाले होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, मला आणि खानला खोकी हलवायला लावली आणि चादरी एकेक करून काढल्या. नुसत्या ओढल्या नाहीत. चारही कोपरे जुळवून घड्या घातल्या. खाली गडद निळ्या रंगाची दोन सीटची जर्मन स्पोर्ट्स कार होती, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे. दार उघडलं तर आतून गोड्या मसाल्याचा वास आला.

ती त्यांच्याकडे कशी आली, ते त्यांनी सावकाश सांगितलं. शेजारच्या गाळ्यात एक युरोपियन वैमानिक ती ठेवत असे. त्याची नोकरी गेली, महिनाभरात देश सोडायची पाळी आली. सामान उचलायला काका मदतीला गेले, तर तो गाडीच्या टपावर हात ठेवून रडत होता. "मी विकत घ्यायला गेलो नव्हतो रे. त्याचं समाधान करायला गेलो होतो. बोलता बोलता हो म्हणून बसलो."

घरी मात्र ते सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू. मग हिवाळा आला, आणि मग सांगणं अवघड झालं.

तिची निगा मात्र ते अशी राखायचे, की आमच्या गल्लीतला मेकॅनिक चक्रावून जायचा. झाकायच्या आधी टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत ओल धरत नाही. टायरमध्ये हवा जरा जास्त. हँडब्रेक ओढायचा नाही, चाकांना विटा लावायच्या. बॅटरीला बारीक चार्जर. प्लास्टिकचं कव्हर नाही, सुती चादरीच, "तिला श्वास घेता आला पाहिजे." मेकॅनिक पेशावरचा होता. तो दर वर्षी म्हणायचा, "चाचा, सब लोग गरमी में गाड़ी सुलाते हैं और सर्दी में चलाते हैं. आप उल्टा क्यों करते हो? एक दिन यह गरमी इसको मार देगी." काका म्हणायचे, "सर्दी में टाइम नहीं मिलता."

ते खोटं नव्हतं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे, आणि हिवाळ्यातले सगळे शुक्रवार घरच्यांचे. त्यांच्या मोठ्या सात सीटच्या गाडीत डबे, क्रिकेटचं सामान, मुलांच्या मित्रमैत्रिणी कोंबून ते कुठे कुठे जायचे. तिथला हिवाळा म्हणजे घराबाहेर पडायचे चार-पाच महिने, ते त्यांनी एकट्यासाठी कधी वापरले नाहीत. पण खरं कारण मला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर. एका दुकानात माल पोचवायला मी व्हॅन घेऊन पुढे गेलो होतो, ते मागून निळ्या गाडीतून आले होते. मानेला ओला पंचा, शर्टाची वरची बटणं उघडी. गाडीचा एसी नावापुरताच होता. कागदी पेल्यातला, तिकडे 'करक' म्हणतात तो दाट दुधाचा चहा पीत मी धीर करून विचारलं, "काका, काकूंना का सांगत नाही? रागावतील फार तर."

"रागाचं काही नाही," ते म्हणाले. "सीट किती आहेत?"

"दोन."

"आणि आम्ही चौघं. एक मी. मग बाजूला कुणाला बसवू? मुलाला नेलं तर ताई रुसणार. ताईला नेलं तर तो. हिला नेलं तर दोघं घरी. ज्या गाडीत आपलं अख्खं घर बसत नाही, ती गाडी घर इथे असताना कशी चालवायची, तूच सांग. म्हणून ते नसले की चालवतो. कुणाला मागे सोडून गेलो असं होत नाही."

हे बोलताना ते मुळीच गंमत करत नव्हते. तो माणूस हिशोबाला पक्का होता, आणि हा हिशोब त्यांनी मनात बरोबर जुळवून ठेवला होता. मी पेला चुरगाळून टाकला आणि व्हॅनकडे गेलो.

त्याच वर्षी डिसेंबरात ते मुलाला घेऊन गोडाऊनमध्ये आले. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. खिशात खेळण्यातल्या छोट्या गाड्या. त्याने त्या माझ्या टेबलावर ओळीने लावल्या आणि प्रत्येकीचं नाव, इंजिन, वेग मला इंग्रजीत सांगितला. मोठा झाल्यावर कोण होणार, तर "टेस्ट ड्रायव्हर". मग तो फिरत फिरत थंड खोलीत गेला आणि खोक्यांमधून वाकून बघायला लागला.

"बाबा, व्हॉट्स अंडर दॅट?"

"जुना फ्रीझर आहे, बाळा. चल, आई वाट बघते."

मुलगा बापाचा हात धरून गेला. त्याला घरी सोडून काका परत आले तेव्हा त्यांचा डबा तसाच टेबलावर होता. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहिला. शेवटी त्यांनी तो उचलून खानला दिला आणि घरी गेले.

अशी वर्षं गेली. शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारी गेली, मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली, मुलगा शिकायला कॅनडात गेला. आता घरात दोघंच होती, आणि गाडीत सीटही दोनच. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "आता सांगायचं, तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल. ते माझ्याच्याने होणार नाही." काकू दर उन्हाळ्यात पुण्याला जायच्या, सासूबाई थकल्या होत्या म्हणून. काका चादरींच्या घड्या घालायचे.

मेकॅनिकचं म्हणणं खरं झालं ते एका ऑगस्टमध्ये. दुपारी मी गोडाऊनमध्ये होतो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे पाण्याच्या टँकरचा पंजाबी ड्रायव्हर होता. "आपका सेठ मेरे पास बैठा है," तो म्हणाला. "अल ऐन के रास्ते पे. गरम हो गया है. गाड़ी भी, सेठ भी."

गाडीची पाण्याची नळी फुटली होती. काकांचा फोन उन्हाने तापून आपोआप बंद पडला होता. लांबून नमस्कार करायच्या उन्हात ते बॉनेट उघडून, मागचं झाकण उघडून, नको तितका वेळ उभे राहिले होते. त्या ड्रायव्हरने त्यांना उचलून आपल्या केबिनमध्ये घातलं, एसी लावला, डोक्यावर पाणी ओतलं. त्यांच्या पाकिटात माझं कार्ड सापडलं म्हणून मला फोन केला. मी पोचेपर्यंत रुग्णवाहिका त्यांना अल ऐनच्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. उष्माघात. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

रोज संध्याकाळी काका पुण्याला व्हिडिओ कॉल करायचे. त्या संध्याकाळी तो गेला नाही, तेव्हा काकूंनी मला फोन केला.

"काकू, घाबरू नका. काका हॉस्पिटलात आहेत. ऊन लागलंय. आता बरे आहेत."

"ऊन? यांना? हे तर बारानंतर गॅलरीतसुद्धा जात नाहीत."

"कामासाठी बाहेर पडले होते."

"आपल्या गाडीचा एसी बिघडला होता का?"

मी म्हणालो, "काकू, ते काकाच सांगतील तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी त्यांना विमानतळावरून थेट अल ऐनला नेलं. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी काकांचं कपाळ हाताने चाचपलं, मग खुर्ची ओढून बसल्या. मी बाहेर थांबलो. दार अर्धं उघडं होतं, काकांचा आवाज बारीक येत होता. वैमानिकापासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. काकू बाहेर आल्या तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "मला ती गाडी दाखव."

टोइंगवाल्याने गाडी तोवर गोडाऊनमध्ये आणून सोडली होती आणि मी ती सवयीने झाकून ठेवली होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. पण त्यांचं लक्ष गाडीकडे नव्हतंच.

"ही माझी चादर आहे," त्या म्हणाल्या. "ही पण. ही मी वॉचमनला द्यायला दिली होती यांच्याकडे." त्यांनी चादरीचा कोपरा हातात धरला. "तुला सांगते, दर वर्षी विमान सुटलं की मला रडू यायचं. मुलं हसायची मला. मला वाटायचं, हा माणूस आता दोन महिने एकटा राहणार, रिकाम्या घरात येणार, काय खाणार. पोळ्या लाटून फ्रीझर भरून जायचे मी. तिकडे सासूबाईंकडे माझं चित्त लागायचं नाही. आणि हे इथे मजेत होते."

"मजेत नव्हते, काकू," मी म्हणालो.

"होते. असायलाही हरकत नाही. पण मला सांगितलं असतं, तर मी रडले नसते." मग त्यांनी सीट मोजल्यासारखं आत पाहिलं. "चौघं बसत नाहीत म्हणून लपवली म्हणे. अरे, या शुक्रवारी एकाला न्यायचं, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याला. भोंडल्याला खिरापतीची पाळी लावत नाहीत का बायका? एवढा धंदा चालवणारा माणूस, आणि याला पाळी लावणं सुचलं नाही."

खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, "बसून बघता का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं. "आधी मुलगा बसेल. लहानपणी झोपताना गाड्यांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचा पोर. मॉलसमोर उभ्या असलेल्या सोनेरी गाड्या बघायला हे त्याला हाताला धरून घेऊन जायचे, आणि आपली इथे खोक्यांमागे. तो बसल्याशिवाय मी बसणार नाही. आणि त्याला यांनी स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस."

काका घरी आले. काकू त्यांच्याशी बोलत होत्या, पथ्याचं करून घालत होत्या, पण त्या विषयावर अवाक्षर नाही. गाडी दुरुस्त झाली. पेशावरच्या मेकॅनिकने नळ्या बदलल्या आणि त्या वेळी तो काही बोलला नाही, हे मला आवडलं. ऑक्टोबर आला, हवा फिरली. मी पुन्हा घातलेल्या चादरी काकांनी काढल्या नाहीत, पण दर हिवाळ्यासारख्या नव्याने लावल्याही नाहीत. मुलाला फोनवर सांगायचं त्यांनी बरेचदा ठरवलं. प्रत्येक वेळी परीक्षा कशी झाली, बर्फ किती पडलं, एवढ्यावर फोन संपायचा. "समोर आल्यावर सांगतो," ते मला म्हणायचे.

डिसेंबरात मुलगा आला. उंच, दाढी ठेवलेला. सकाळी काका त्याला घेऊन गोडाऊनमध्ये आले. खानने शटर पूर्ण वर केलं. काकांनी चादरी काढल्या, पण या वेळी घड्या घालायचं त्यांना सुचलं नाही. त्या खाली तशाच पडल्या.

मुलगा पुढे झाला.

"हूज इज इट?"

"माझी. आपली."

"सिन्स व्हेन?"

काकांनी सांगितलं. मुलाने तोंडातल्या तोंडात वर्षं मोजली असावीत, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो बाहेर गेला आणि रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून उभा राहिला. काका त्याच्यामागे दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खाली पडलेली एक चादर उचलली आणि हातात गोळा करून तसेच उभे राहिले.

मुलगा आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "बाबा, आय डोन्ट इव्हन लाइक कार्स एनीमोअर," तो म्हणाला. मग जरा थांबून मराठीत म्हणाला, "तेव्हा खूप आवडायच्या."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "चुकलं माझं."

त्या घरात बापाने मुलाला असं म्हणायची पद्धत नसावी, कारण मुलगा गोंधळला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरची धूळ बोटाने पुसली. मग हात पुढे केला. "की?"

काकांनी किल्ली दिली. मुलगा चालवायला बसला. काका दुसऱ्या बाजूला गेले आणि दार उघडून नुसते उभे राहिले. त्या बाजूने आत शिरायचं कसं, हे त्यांना माहीतच नव्हतं. आधी पाय घातला, मग डोकं, मग पुन्हा बाहेर आले. शेवटी कसेबसे बसले तर पट्टा सापडेना. मुलाने वाकून पट्टा ओढला आणि बापाच्या पोटावरून घेऊन लावला. "यल्ला, बाबा," तो म्हणाला. गाडी बाहेर पडली आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

एक चक्कर मारून येतील असं मला वाटलं होतं. ते परतले तेव्हा दुपार उलटून गेली होती. मुलगा उतरून समोरच्या कॅफेटेरियात चहा सांगायला गेला. काका बाजूच्या सीटवर तसेच बसून होते, दार उघडं, एक पाय बाहेर.

"कुठपर्यंत गेला होता?" मी विचारलं.

"अल ऐन." ते समोर बघत होते. "त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना झाडं आहेत रे, पार गावापर्यंत. एका ठिकाणी उंट होते, पिल्लंही होती. तो दाखवत होता. इतकी वर्षं गेलो तिथून, मी कधी पाहिली नाहीत."

"चालवताना दिसत नाही, काका."

"हो," ते म्हणाले. "आणि दाखवायला कुणी नव्हतं."

समोरून मुलगा चहाचे पेले घेऊन रस्ता ओलांडत होता. काकांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "अगं, तो बसला," ते म्हणाले. "तू तयार राहा. आम्ही निघालोच."